बीपीच्या गोळ्या

हॅलो?... हां, बोल संयू... आगं पर हळू बोल, फोन फुटंल माझा. काय झालं?

दाजींचं? दाजींचं काय?... बरं. सकाळधरनं मोटरीच्या खोलीत हाईत. मग? मोटर चालू कराय गेलं आसतील. तिथं काय सिनेमा बघाय गेल्यात व्हय?

हां... आतनं कडी लावलीया. लावली आसंल. वाऱ्यानं दार आपटतंय, माणसाला घटकाभर पडावंसं वाटतंय. नवरा जरा नजरंआड झाला की तुमा बायकांचं फोन सुरू.

बरं ऐक, मी जरा गडबडीत हाय. जयराज येतोय मला न्यायला. ओगलेवाडीला माजी सैनिकांची मिटिंग हाय अकराला, त्योच अध्यक्ष हाय न्हवं आता. इस्तरीचा सदरा घालून बसलोय... आगं जयराज म्हंजी त्योच, तुझ्या राजनंदिनीच्या बारशाला बुंदीचा डबा घेऊन आलेला. हां, मिशावाला. त्याच्याकडनं शिका म्हणावं दाजींला कायतरी. साठीला आलाय गडी, आजून पहाटं तीनला उठून पळाय जातोय. रोज! पाऊस आसू दे, थंडी आसू दे, एक दिस चुकत न्हाई. आसल्या माणसाच्या वाटंला जातंय का टेन्शन?

बरं, बोल. तू बोल... आधी रडायचं थांबव, मग बोल. मला काय कळंना.

किती दिस?... आठ दिस झोप न्हाई. जेवण?... नुसत्या चहावर. आणि बोलत न्हाईत. आगं, दाजी कवा बोलत हुतं? लग्नात नाव घ्या म्हटलं तर घामानं आख्खी हळद वाहून गेली हुती त्यांची. 

पर काय कमी हाय त्यांला, तूच सांग. कोइमतूरला वीस वर्षं गलाईचं दुकान चालवलं, लोकांचं सोनं गाळलं. धाकट्याच्या हवाली करून गावाला आलं, बंगला बांधला. ऊस उभा हाय. पोरीचं जमतंय. आता दोन घास सुखानं खायचं दिस आलं, तर डोक्यात हे खूळ!... बरं, खूळ न्हाई म्हणत. पर सकाळी पळाय लाव पाच किलोमीटर, वर गार पाण्याची आंघोळ. गडी माणसाचं दुखणं घामानं जातंय, संयू. मिल्ट्रीत शंभर पोरं बघितल्यात मी आसली.

काय? गोळ्या?... कसल्या?

हां. बीपीच्या. त्या बंद झाल्यापासनं... किती दिस झालं?

अठरा.

म्हंजी पाव्हणं पोरगी बघाय आलं हुतं त्या दिसापासनं.

आगं पर बीपी एकशेवीस-ऐंशी हुतं त्यांचं! मी सोता बघितलं, माझ्या मशीनवर, चार माणसांच्या म्होरं... 

न्हवत्या? बीपीच्या न्हवत्याच?

सांगलीचा डाक्टर... कसला डाक्टर?... बरं. किती दिस घेत हुतं?... दीड वर्षं. आणि तू त्या बीपीच्या म्हणून सांगत आलीस समद्यांला. ही कुणाची अक्कल?... रंगुबाईंची. सासूनं सांगितलं आणि तू ऐकलंस. लोकं काय म्हणतील, पोरीचं लग्न व्हायचंय... व्हय, व्हय, कळतंय. राजनंदिनीला ठावं हाय?... तिला पण बीपीच सांगितलंय.

पर मला तरी म्हणायची न्हाईस? सख्ख्या भावाला? चोवीस वर्षं नर्सिंग असिस्टंट हुतो मी मिल्ट्रीच्या दवाखान्यात. आख्खं गाव मला डाक्टर म्हणतंय...

व्हय.

व्हय संयू, मीच म्हटलं. "दाजी, तुमचं बीपी माझ्यापरीस झ्याक हाय, फेकून द्या त्या गोळ्या." मीच म्हटलं. सगळी हसली. दाजी पण हसलं. उठलं आणि पाव्हण्यांच्या देखत उकिरड्यावर टाकून आलं. हात झाडत आलेलं आजून दिसत्यात मला. ते तू मला सांगाय नगं.

कडी कवा लावली त्यांनी?... आठला. आता पावणेअकरा झालं. हाका मारल्यास?... हूं का चूं न्हाई. फोन लाव की त्यांला... घरात ठिवून गेल्यात. बरं... काय? घड्याळ पण? आणि आंगठी? आंगठी कुठं सापडली?

राजनंदिनीच्या उशीखाली.

संयू... फवारणीचं औषध कुठं ठिवताय तुमी?

त्याच खोलीत.

तू कुठं हाईस आता? घरात?... मग पळ. फोन कानालाच ठेव आणि पळ रानात. पोरगीला घरातच ऱ्हाऊ दे, आजीपाशी. तू पळ.

थांब, शेजारच्या धनाजीला हाक मारतो. ए धनाजी! धनाजी, गाडी काढ. तुझी कार काढ लवकर, विट्याला जायचंय... मिटिंग गेली खड्ड्यात! काढ म्हटलं न्हवं... आगं ए, सैपाकघरात हाईस न्हवं? जयराज आला तर सांग, मी संयूकडं गेलोय, सुर्लीच्या घाटानं. कशाला म्हंजी? काम हाय! चप्पल ऱ्हाऊ दे, आसाच जातो.

संयू, हाईस न्हवं? पळतीयास न्हवं?... दम खा, पर थांबू नगं. बसलोय मी गाडीत, निघालोय. बाजूच्या रानात कोण हाय का?... कोंडीबा हाय? त्याला हाक मार. त्याला म्हणावं एकशे आठला फोन लाव, आणि गप उभा ऱ्हा दारापाशी. दार फोडायचं न्हाई. दाराला कुणी लाथ घातली तर आतलं माणूस घाबरून काय करंल सांगता येत न्हाई. मागनं खिडकी हाय न्हवं, गजाची?... जा तिकडं. हळूच. दिसतंय काय?

हालल्यात? नक्की हालल्यात?... आरं देवा. आरं माझ्या देवा.

बाटली?... म्होरं हाय. झाकण?... नीट बघ, रडू नगं, नीट बघ... बंद हाय. बरं. बंद हाय तर येळ हाय आपल्याकडं. फोन स्पीकरवर टाक आणि गजातनं आत धर. दोनी हातानं घट्ट धर.

दाजी... दाजी, मी अर्जुना बोलतूय. ऐकाय येतंय न्हवं? हे बघा, ती कडी काढा आणि बाहेर या बघू. लेकीचं लग्न जमत आलंय. बायको पायात काय न घालता पळत आलीया. आसं बाईमाणसागत कोंडून घ्यायचं आसतंय व्हय? चला उठा, मर्दासारखं...

काय? काय झालं संयू?... भिताडाकडं तोंड केलं. आणि हात?... बाटलीवर.

चुकलं. चुकलं दाजी, चुकलं माझं. मर्द-बिर्द काय न्हाई. बसा तसंच, तोंड कुठंबी करा. उत्तर देऊ नगा. नुसतं ऐका.

काय रं धनाजी?... घाट आला? लगेच?... घाटात रेंज जाती न्हवं? पल्याड उतरूपतोर किती येळ?... न्हाई न्हाई. थांबव. थांबव गाडी! कडंला घे. मी उतरतो हितं, तू जा म्होरं. कडेगाव वलांडलं की कुणालाबी विचार, विश्वजीतदाजींचं रान कुठं हाय. आरं बाबा, मी येऊन काय करणार हाय? माझा आवाज तिथं हाय, त्यो तुटाय नगं. जा तू. जा!

दाजी, मी सुर्लीच्या घाटाखाली उतरलोय. हितं एक चिंच हाय, तिच्या बुडात बसलोय. येत न्हाई मी तिकडं. तुमी आत बसलाय, मी हितं बसतो.

एक सांगायचं हुतं. संयू, तू पण ऐक, पर मधी बोलू नगं.

त्या दिशी नवरदेवाच्या चुलत्यानं गोळ्याचं पाकीट बघाय हात म्होरं केला आणि म्या त्याच्या आधी उचललं. आठवतंय न्हवं? उलटं करून मागचं नाव वाचलं मी. आणि कळलं मला. बीपीची न्हाई हे तवाच कळलं. त्या चुलत्याचं मेडिकल दुकान हाय. त्याच्या हातात गेलं आसतं तर त्यालाबी कळलं आसतं. म्हणून हसण्यावारी नेलं, मशीन लावली, फेका म्हटलं. लग्न वाचवलं मी, आसं मला वाटलं. गाडीत बसून घरला येताना लय खूश हुतो मी सोतावर.

हां संयू, कळलं हुतं मला. मगाशी तुला खोटं बोललो. शिव्या नंतर दे.

दाजी, घरला पोचल्यावर एक फोन करायचा हुता तुमाला. उद्यापासनं गोळ्या चालू करा, नवीन पाकीट आणा, एवढंच सांगायचं हुतं. फोन हातात घेटला आणि परत ठिवला. कारण मग तुमी विचारलं आसतं, दादा, तुमाला हे नाव कसं काय म्हाईत?

हाईत न्हवं आत? संयू, बघ... बसल्यात. बरं.

दाजी, मला ते नाव म्हाईत हाय कारण चार म्हैने त्याच गोळ्या खाल्ल्यात मी. सत्त्याण्णव साली. वर बरफात ड्यूटी हुती. बरफाखालनं काढलेली पाच पोरं आणली आमच्याकडं. त्यांला धुऊन, पायाला नावाची चिठ्ठी बांधून पेटीत ठिवायचं काम माझं. केलं. पाचबी केली. त्यातलं एक माणदेशातलं हुतं, लेंगऱ्याच्या जत्रंचं बोलायचं माझ्यासंगं. सहाव्या दिशी सायबानं मला नाव विचारलं, तर मला माझं नाव सांगता येईना. उभाच. नुसता उभा. मग तिथनं खाली आणलं आणि वॉर्डात टाकलं. कमरंचा पट्टा काढून घेटला, बुटाच्या नाड्या काढून घेटल्या. संडासाला जाताना बरोबर एकजण. चार म्हैने.

आणि परत पलटणीत आलो तर रायफल दिली न्हाई. लंगरात, सैपाकघरात, कांदं सोलाय बसवलं. पोरं जाताना-येताना म्हणायची, ए मेंटल, मीठ जास्त पडलं बघ आज.

संयू, तुला सांगितलं हुतं न्हवं, दादाला कावीळ झाली म्हणून? आलो तवा निम्मा झालो हुतो, म्हणून पटलं सगळ्यांला. आईनं काविळीची माळ आणून घातली गळ्यात. रोज सकाळी बोटानं मोजायची किती लांबली. माळ वाढत वाढत बेंबीपतोर आली, आई म्हणाली, उतरली बाय कावीळ! आणि देवाला नारळ फोडला. दोन म्हैने बिनतेलाचं, बिनमिठाचं खाल्लं मी, नसलेल्या रोगासाठी. तू लहान हुतीस. आईची नजर चुकवून तुझ्या ताटातली भजी आणून द्यायचीस मला. दादा, खा, मी न्हाई सांगत कुणाला...

आई गेली तरी तिला न्हाई सांगितलं. बायकोला न्हाई. आज पैल्यांदा बोलतूय दाजी, तेबी फोनवर, चिंचेच्या बुडात बसून.

काय?... बोलले? संयू, दाजी बोलले? काय म्हणाले?

"खोटं."

न्हाई ओ दाजी. तुमाला बाहेर काढाय कशाला आसलं खोटं सांगंन? आसलं खोटं सुचतंय व्हय कुणाला?... काय म्हणत्यात? मोठ्यानं म्हणा दाजी, मला ऐकाय येऊ दे... हां... "बाहेर आलो की दादा परत डाक्टर हुणार, मी येडा ठरणार." न्हाई. आईशपथ न्हाई. एकदा तोंडातनं बाहेर पडलंय, आता...

थांबा. एक मोटारसायकल आली. कोण... जयराज हाय. आला गाठत हितपतोर.

आरं काय न्हाई गड्या. तू हो म्होरं मिटिंगला... न्हाई रं, रडतूय कशाला? घाम हाय त्यो. जरा चक्कर आली म्हणून बसलोय. काय न्हाई, बीपी वाढलंय जरासं.

...

दाजी?

संयू, काय झालं? कोण हसलं?... दाजी हसलं? आत हसलं?... काय म्हणालं?

"बघा."

दाजी, थांबा. थांबा, हात घेऊ नगा तिकडं. तोंडातनं गेलं ओ, सवय हाय ती. अठ्ठावीस वर्षांची सवय हाय, ती आपोआप येती. संयू, फोन तसाच धर. गजाच्या आत धर. दाजी, आता ऐका, हितं जयराज हुबा हाय माझ्या म्होरं. माजी सैनिकांचा अध्यक्ष. ह्याला सांगितलं म्हंजी सांच्यापतोर सातारा जिल्ह्यातल्या समद्या पलटणीत पोचतंय. ऐका.

जयराज. हिकडं बघ. बीपी न्हाई मला. कवाच न्हवतं. मी... आरं गप, बोलू दे मला, एकदा थांबलो तर परत न्हाई येणार तोंडातनं. सत्त्याण्णव साली मला कावीळ झाली न्हवती. मी येड्याच्या वॉर्डात हुतो, चार म्हैने. डोक्याच्या गोळ्या हुत्या. आज बी पाण्यात हात घातला की ती पोरं दिसत्यात मला, नळ सोडताना डोळं झाकतो मी. आणि माझ्या दाजीला, संयूच्या नवऱ्याला, तेच दुखणं हाय. त्यांच्या गोळ्या मी फेकाय लावल्या, चार माणसात हसून. म्हणून ते आता खोलीत कडी घालून बसल्यात. बोल, काय म्हणायचंय तुला? मेंटल म्हणायचंय? म्हण. मोठ्यानं म्हण, दाजींला ऐकाय जाऊ दे.

...

गाडी बंद केली त्यानं, दाजी.

दाजी?

संयू, काय चाललंय? मला काय ऐकाय येईना... कसला आवाज झाला त्यो? कडीचा?... संयू, बोल काय तरी. संयू!

काढली? काढली?... आले बाहेर. सोताच्या पायानं?... बाटली?... आतच. कोंडीबाला म्हणावं उचल ती आणि घेऊन जा लांब, कुणाला दावत बसू नगं. बाई गं. बाई गं.

ऐक, आता त्यांला काय विचारू नगं. का केलं, कशापायी केलं, पोरीचा इचार न्हाई का आला, ह्यातलं एकबी नगं. हात धर. बसू दे तिथंच बांधावर. पाणी दे. धनाजी येतोय, गाडी येती एकशे आठची. आज सांगली. आजच्या आज, त्याच डाक्टरकडं. मी येतोच मागनं. दाजींला एकट्याला सोडायचं न्हाई, आज न्हाई, उद्या न्हाई, त्यो डाक्टर म्हणंल तवापतोर न्हाई. आणि ते औषध-बिषध समदं त्या खोलीतनं बाहेर काढा.

व्हय... रडू दे. रडत्यात तर रडू दे. रोखू नगं त्यांला.

माणसं जमली? किती?... रंगुबाई पण आल्या. काय सांगू म्हणतीयास?... 

बीपी वाढलं म्हणून सांगू का, म्हणतीयास.

...

न्हाई संयू. मला म्हाईत हाय पाव्हणं काय म्हणतील. मोडलं तर मोडंल लग्न, मोडणारच कदाचित. राजनंदिनी रडंल, रंगुबाई मला जन्मभर शिव्या देतील. मी घरला गेल्यावर माझी बायको काय म्हणंल मलाच ठावं न्हाई. तू दाजींला विचार, काय सांगू लोकांला. ते म्हणतील ते सांग. काय म्हणाले न्हाईत तर काय सांगू नगं. पर बीपी म्हणू नगं.

काय?... दाजी विचारत्यात? काय विचारत्यात?... जयराज काय म्हणाला?

आजून काय म्हणाला न्हाई ओ. थांबा, बघतो... गाडी स्टँडला लावली त्यानं. जयराज, आरं जा तू, मिटिंगला उशीर झाला. काय रं?... आं?... 

खाली बसलाय, दाजी. इस्तरीच्या कपड्यात मातीत बसलाय, माझ्या बाजूला.

काय म्हणतोस जयराज?... मोठ्यानं म्हण, मला ऐकाय येईना... पळाय उठत न्हाईस? मग तीनला कशाला...

झोपच येत न्हाई म्हणतोय, संयू. अकरा वर्षं. पळाय उठत न्हाई, झोपलेलाच नसतोय.

ठेव तू फोन आता. दाजींचा हात सोडू नगं. मी जरा येळानं येतो, हितं जयराज रडाय लागलाय.